परवाना आहे, अनुभव नाही: मालकाच्या ट्रकवर पहिली नोकरी कशी सुरू करावी?

नवासारथी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. अवजड वाहनाचा परवाना मिळून मला तीन महिने झाले. प्रशिक्षणात जी गाडी चालवली ती सगळा वेळ रिकामी होती आणि शेजारी शिक्षक बसलेले असत. भरलेली गाडी मी आजवर एकदाही एकट्याने चालवलेली नाही. चार ठिकाणी विचारणा केली, तिथे "दोन वर्षांचा अनुभव घेऊन या" असे उत्तर मिळाले.

आता अकरा गाड्या असलेल्या एका मालकांनी बोलावले आहे आणि माझ्यापुढे दोन पर्याय ठेवले आहेत. एक, लगेच जवळच्या फेऱ्यांवर एकट्याने जायचे, पगार पूर्ण. पण गाडी मिळेल ती त्यांच्याकडची सर्वांत जुनी. दुसरा, सहा आठवडे लांब पल्ल्याच्या गाडीवर एका जुन्या चालकाबरोबर जोडीने जायचे, पगार निम्मा. दोन्हींत अट एकच आहे, की गाडीचे नुकसान झाले तर ते पगारातून कापले जाईल.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. यांपैकी काय निवडावे? होकार देण्यापूर्वी मालकांना काय विचारावे? आणि तिसरी गोष्ट अशी, की भरलेली गाडी उतारावरून खाली आणण्याची मला मनापासून भीती वाटते. ती कशी घालवावी?

जुनीवाट

दुसरा पर्याय घ्या. मी बावीस वर्षे चालक आहे आणि हे सांगताना मला जराही शंका वाटत नाही.

रिकामी गाडी आणि भरलेली गाडी ही दोन वेगळी वाहने आहेत, असेच समजून चला. रिकाम्या गाडीत गिअर चुकला तरी ती सांभाळून घेते. भरलेल्या गाडीत चढावर गिअर बदलताना एक क्षण जास्त लागला की वेग मरतो, पुढचा गिअर पडत नाही, आणि मागे वाहनांची रांग लागलेली असताना पहिल्या गिअरपासून सुरुवात करावी लागते. वळणावर माल उंच रचलेला असेल तर गाडी आधी किंचित झुकते आणि मग वळते. तो झुकाव बसल्या जागी कमरेला कळतो. हे शब्दांत शिकवता येत नाही, कोणी तरी शेजारी बसून "आता पाय काढ" असे योग्य क्षणी म्हणावे लागते.

निम्म्या पगाराचे वाईट वाटून घेऊ नका. सहा आठवडे म्हणजे फार मोठा काळ नव्हे.

अर्धाक्लच

जुनीवाट काका, आपल्या अनुभवाचा मान ठेवून मी असहमत आहे. माझी सुरुवात जोडीनेच झाली. ज्यांच्या शेजारी मला बसवले होते ते डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करीत, आणि दोन महिने मला तीच योग्य पद्धत वाटत होती. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला रोखत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, हे पुढे दुसऱ्या एका चालकाने समजावले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. शिकवणारा कसा आहे हे कळल्याशिवाय "जोडीने जा" हा सल्ला अर्धवट आहे.

शिवाय जवळच्या फेऱ्यांना कमी लेखू नका. त्यांत दिवसातून तीन-चार वेळा गाडी मागे घ्यावी लागते, तितक्याच वेळा माल चढतो आणि उतरतो. लांब पल्ल्यात गाडी मागे घेण्याची वेळ दोन दिवसांतून एकदा येते, आणि तेव्हाही जुना चालक म्हणतो, "सरक, मी लावतो." माझा हात बसला तो जवळच्या फेऱ्यांमुळेच.

जुनीवाट

न्यूट्रलबद्दल तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. अशा माणसाच्या शेजारी बसण्यापेक्षा घरी बसलेले बरे. तेव्हा माझ्या सल्ल्याला एक जोड देतो: कोणाबरोबर पाठवणार, हे आधी विचारावे, आणि शक्य असेल तर त्या चालकाला निघण्यापूर्वी गाडीभोवती फिरताना पाहावे. जो न फिरता थेट चढून चावी फिरवतो, त्याच्याकडून शिकू नये.

गॅरेजवाला

सर्वांत जुनी गाडी सर्वांत नवख्या माणसाला देण्याची ही रीत मी अनेक वर्षे पाहत आलो आहे आणि ती मला पटत नाही. ठोकली तरी फार बिघडत नाही, असा त्यामागचा हिशेब असतो. परंतु जुन्या गाडीचे दोष ओळखायला जो कान लागतो, तो नेमका नव्या माणसाकडे नसतो.

तरीही तीच गाडी घ्यायची ठरली, तर निघण्यापूर्वी वीस मिनिटे हाताशी ठेवा. चाकांना उट्या (गाडी सरकू नये म्हणून लावायचे ठोकळे) लावा, ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, म्हणून इंजिन चालवून तो दाब पूर्ण भरू द्या, मग इंजिन बंद करून, पार्किंग ब्रेक सोडून, पायाने ब्रेक दाबून धरा आणि दाब दाखवणाऱ्या काट्याकडे एक मिनिट पाहत राहा. काटा सुरुवातीला थोडा उतरून थांबला पाहिजे. तो हळूहळू उतरतच राहिला तर कुठेतरी हवा गळते आहे. खिडकी उघडी ठेवली तर सुस्कारा ऐकूही येतो. त्यानंतर ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून हवा कमी करा आणि दाब घसरल्याचा इशारा वाजतो का ते बघा. ज्या गाडीत तो वाजत नाही, ती गाडी बाहेर काढू नये. हवेच्या टाक्यांत पाणी साठते, तेही रोज काढून टाकायचे असते.

चाकांचे नट बघताना त्यांच्याभोवती गंजाचे ओघळ दिसतात का ते पाहा. ते नट ढिला असल्याचे लक्षण आहे. जोडचाकांत आतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरून काही दिसत नाही, म्हणून टॉमीने (लोखंडी दांड्याने) प्रत्येक टायर ठोकावा. भरलेला टायर टणक आवाज देऊन टॉमी परत उसळवतो, बसलेला टायर बद्द वाजतो. दोन टायरांच्या मध्ये दगड अडकलेला असेल तर तो तिथेच काढा, कारण वेगात तो सुटला तर मागच्या वाहनाच्या काचेवर जातो.

उताराबद्दल सवडीने लिहितो. तो विषय घाईने उरकण्याचा नाही.

सातगाड्या

मी स्वतः सात गाड्यांचा मालक आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. नवा चालक ठेवताना आम्हाला भीती वाटते ती अपघाताची, विम्याचा दावा अडकण्याची आणि दिलेल्या वेळेत माल न पोहोचल्यामुळे गिऱ्हाईक तुटण्याची. क्लच जळणे, टायर कडेला घासून फाटणे, मागे घेताना दिवे फुटणे हे पहिल्या वर्षात होतेच, आणि ते गृहीत धरूनच मी माणूस घेतो.

पगारातून नुकसान कापण्याची अट मी पूर्वी ठेवली होती, नंतर काढून टाकली. कारण असे, की माझा एक चालक गाडीची मागची बाजू खांबाला लावून आला आणि पैसे कापले जातील या धास्तीने त्याने ते लपवले. त्या धक्क्याने मागच्या दिव्यांची वायर तुटली होती. दुसऱ्या दिवशी अंधारात ती गाडी मागच्या दिव्यांशिवाय ऐंशी किलोमीटर धावली. सुदैवाने काही घडले नाही, पण त्या रात्रीचा विचार आला की आजही मला अस्वस्थ व्हायला होते. तेव्हापासून माझा नियम एकच आहे: सांगितलेल्या चुकीचे पैसे कापायचे नाहीत, लपवलेल्या चुकीला नोकरी नाही.

नवासारथी, तुमच्या मालकांना शांतपणे विचारा की कापणार म्हणजे किती, कोणत्या नुकसानीचे, आणि ते ठरवणार कोण. नीट उत्तर मिळाले तर माणूस विचार करणारा आहे. ते चिडले, तर तुमचे उत्तर तुम्हाला मिळालेच.

हिशेबवही

माल वाहतुकीच्या कार्यालयात मी चौदा वर्षे हिशेब पाहते. चालकांची भांडणे रस्त्यावरून कमी होतात, वहीवरून जास्त होतात, म्हणून वहीबद्दल लिहिते.

पगार महिन्याचा आहे, फेरीचा आहे की किलोमीटरचा, हे पहिल्यांदा विचारा. फेरीवर किंवा किलोमीटरवर पैसे असतील तर लगेच दुसरा प्रश्न विचारायचा: माल भरण्यासाठी गाडी दिवसभर उभी राहिली, तर त्या खोळंब्याचे काय? नव्या चालकाला चाक फिरण्याचेच पैसे मिळत असतील, तर गेलेला वेळ भरून काढायला तो वेग वाढवतो आणि झोप मोडतो. ही त्या माणसाची हाव नसते; पगाराची पद्धतच त्याला तिकडे ढकलते.

प्रवासासाठी दिलेली उचल वेगळी लिहा, पगार वेगळा लिहा. डिझेल भरताना किलोमीटरचा आकडा, लिटर आणि पावती या तीन गोष्टी त्याच वेळी नोंदवा, रात्री आठवून लिहू नका. आणि गाडी पहिल्यांदा ताब्यात घेताना चारही बाजूंनी फोटो काढून ते त्याच क्षणी मालकांना पाठवा. आधीचा पोचा तुमच्या नावावर चढणार नाही. यात अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही, चांगला मालक उलट खूश होतो.

अर्धाक्लच

हिशेबवही ताई, फोटोंचा सल्ला सोन्यासारखा आहे. मला तो चार वर्षांपूर्वी कोणी दिला असता तर एका आरशाचे पैसे वाचले असते.

गॅरेजवाला

आता उतार. भीती वाटते हे चांगले आहे, ती घालवण्याच्या मागे लागू नका. ती कशाची आहे हे समजून घ्या.

गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्यातली ऊर्जा चौपट होते. ताशी ४० ऐवजी ८० च्या वेगाने येणारी गाडी थांबवताना ब्रेकना चौपट उष्णता पचवावी लागते. ड्रम (चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा लोखंडी डबा) तापला की फुगतो आणि लाइनरपासून (त्यावर आतून घासून चाक रोखणाऱ्या पट्टीपासून) दूर जातो, लाइनरची पकडही उष्णतेने कमी होते, म्हणून पाय पूर्वीइतकाच दाबूनही गाडी कमी थांबते. चालक घाबरून आणखी दाबतो, त्यामुळे उष्णता आणखी वाढते. याला आपण "ब्रेक लागेना" म्हणतो, पण बहुतेक वेळा ब्रेक तुटलेला नसतो, तो वर कुठेतरी वापरून संपवलेला असतो.

म्हणून उताराचा निर्णय उतार सुरू होण्यापूर्वी घ्यायचा. माथ्यावरच वेग कमी करून खालचा गिअर टाका. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुना ठोकताळा आहे. आताची इंजिने जास्त ताकदीची असल्याने चढ वरच्या गिअरमध्येही निघतो, म्हणून उतरताना त्याहून एक खालचा घ्यावा. उताराच्या मध्यावर गिअर बदलू नका, कारण जुना निघेल आणि नवा पडणार नाही, आणि मग गाडी न्यूट्रलमध्ये सुटेल. इंजिन गाडीला रोखून धरेल. तरी वेग ठरवलेल्या मर्यादेवर आला की ब्रेक स्पष्ट दाबून तो ताशी आठ-दहा किलोमीटरने कमी करा आणि पाय पूर्ण काढा. पुन्हा वाढला की पुन्हा तसेच. ब्रेकवर पाय नुसता ठेवून उतरणे आणि सारखे थपथप ब्रेक मारणे, दोन्ही वाईट. पहिल्याने ड्रम तापतात, दुसऱ्याने हवा संपते.

थोडे विषयाला धरूनच विषयांतर करतो. डिझेल इंजिनांसाठी प्रसिद्ध असलेले क्लेसी कमिन्स १९३१ मध्ये ट्रकने अमेरिका ओलांडत होते. कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीच्या उतारावर त्यांच्या गाडीचे ब्रेक निकामी झाले. पायथ्याशी रेल्वेचे फाटक होते आणि मालगाडी जात होती. तिचा शेवटचा डबा पुढे सरकला आणि ते थोडक्यात वाचले. ती आठवण त्यांनी सोडली नाही, आणि इंजिनाच्याच दाबाने गाडी रोखणारा ब्रेक त्यांनी पुढे तयार केला. १९६१ मध्ये जेकब्स कंपनीने तो बाजारात आणला. ज्यांनी इंजिने बनवली त्यांनाही उताराने धडकी भरवली होती, हे नवासारथींनी लक्षात ठेवावे.

आपल्या गाडीत एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाकरवी गाडी रोखणारा ब्रेक) असेल तर तो जरूर वापरा, मात्र रस्ता ओला आणि गाडी रिकामी असेल तेव्हा जपून, कारण तो फक्त इंजिनाने फिरणाऱ्या चाकांवर काम करतो आणि ती चाके घसरू शकतात.

पहाटेचापल्ला

एवढी सविस्तर माहिती एका ठिकाणी मी तरी पहिल्यांदाच वाचतो आहे. धन्यवाद, गॅरेजवाले दादा.

माझा मुद्दा झोपेचा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७९ मध्ये रस्ते वाहतुकीसाठी एक करार केला, क्रमांक १५३. त्यात सलग चार तासांपेक्षा जास्त चालवू नये, दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त नाही, आणि चोवीस तासांत सलग दहा तास विश्रांती, असे सांगितले आहे. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असतो आणि तो आपण पाळायचाच, पण माणसाचे शरीर किती सोसते याचा अंदाज म्हणून मी हे आकडे डोळ्यांसमोर ठेवतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सतरा तास जागे राहिलेल्या माणसांचे हात-डोळ्यांचे काम, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके बिघडलेले आढळले होते. म्हणजे थेंबही न घेता नशेत गाडी चालवल्यासारखेच.

नव्या माणसाला झोप आल्याचे कळत नाही, कारण तो ताणामुळे टक्क जागा असतो. मग पहाटे तीन-चारच्या सुमारास ताण सैल होतो. मला स्वतःला ते कळले ते एका पुलावर. पूल चढल्याचे आठवत होते, उतरल्याचे आठवत नव्हते. गाडी सरळ रेषेत होती, काही झाले नाही, आणि तरीही पुढची सुरक्षित जागा दिसताच ती बाजूला लावून मी स्टिअरिंगवर डोके टेकून बराच वेळ थरथरत बसलो. त्या दिवशी मालकांना फोन करून सांगितले की दोन तास उशीर होईल. ते रागावले. पण माल पोहोचला, मीही पोहोचलो.

आरसापुसा

गाडी मागे घेण्याबद्दल कोणी सविस्तर लिहिले नाही म्हणून लिहिते. मी नऊ वर्षे ट्रक चालवते.

खाली उतरा. स्वतः चालत जाऊन जागा बघा, वरही बघा, कारण तारा, फांद्या आणि छज्जे आरशात दिसत नाहीत. कोणी इशारे करणार असेल तर आधी ठरवा, की तो माणूस आरशातून दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, मग तो कितीही "येऊ द्या, येऊ द्या" ओरडत असला तरी. जमेल तिथे चालकाच्या बाजूने मागे घ्या. दुसऱ्या बाजूला गाडीचा मोठा भाग आपल्याला दिसतच नाही. कोणी हसेल, कोणी हॉर्न वाजवेल. मी आजही दोनदा-तीनदा उतरते.

आणि उतरताना केबिनकडे तोंड करून, दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात पक्के ठेवून उतरा. उडी मारू नका. माझा घोटा उभ्या गाडीतून उडी मारताना गेला होता, चालत्या गाडीत नव्हे.

जुनीवाट

ताई, याला माझे पूर्ण अनुमोदन. मालाचेही जोडतो. माल दुसऱ्यांनी भरला आणि बांधला तरी रस्त्यावर तो तुमचा असतो. जोरात ब्रेक लागला की मालाच्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतचा जोर पुढे येऊ शकतो, असे धरून बांधणी करायची असते. नुसती ताडपत्री म्हणजे बांधणी नव्हे. निघाल्यावर पहिल्या सत्तर-ऐंशी किलोमीटरांत एकदा थांबून पट्टे पुन्हा आवळा, कारण हादऱ्यांनी माल बसतो आणि पट्टे सैल पडतात. टँकरची टाकी अर्धी भरलेली असेल तर आतला द्रव तुमच्यानंतर थांबतो आणि मागून ढकलतो. ते काम पहिल्या वर्षात नाकारा.

सातगाड्या

नाकारण्याचा विषय निघालाच आहे तर मूळ प्रश्नाकडे परत येतो. नवासारथींनी मालकांना एकच प्रश्न विचारायचा असेल तर तो असा विचारावा: "गाडी निघण्याच्या स्थितीत नाही असे मला वाटले आणि मी निघालो नाही, तर काय होईल?" मी मालक असून सांगतो, पगार, गाडीचे वय, जोडीदार या सगळ्यांपेक्षा या उत्तराला महत्त्व आहे. जुनी गाडी आणि ऐकणारा मालक असेल तर शिकता येते. नवी गाडी आणि न ऐकणारा मालक असेल तर जाऊ नका.

नवासारथी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काल मालकांकडे गेलो. सातगाड्या साहेबांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मला फोन कर, मी गॅरेजवाल्याशी बोलेन, तोपर्यंत गाडी हलणार नाही." नुकसानीबद्दलही बोलणे झाले. कळवलेल्या किरकोळ नुकसानीचे पैसे पहिले सहा महिने कापणार नाहीत, असे त्यांनी कागदावर लिहून दिले. जोडीदार म्हणून ज्यांचे नाव सांगितले, त्यांना मी अंगणात गाडीभोवती फिरताना पाहिले. प्रत्येक चाकापाशी ते थांबत होते. मी जोडीने जाण्याचे ठरवले आहे. मात्र अर्धाक्लच यांचे म्हणणे पटल्याने एक मागणी केली, की गाडी मागे घेण्याचे काम प्रत्येक वेळी मला मिळावे. ती मान्य झाली.

अर्धाक्लच

ही मागणी करायला मला सुचली नव्हती. शुभेच्छा!

नवासारथी (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. परवा पहिल्यांदा भरलेली गाडी मोठ्या उतारावरून मी खाली आणली. माथ्यावर जोडीदारांनी विचारले, "कितवा?" मी तिसरा म्हणालो. ते काही बोलले नाहीत, फक्त हातातला फोन खिशात ठेवून नीट बसले. पूर्ण उतारावर ब्रेक सहा वेळा लागला, मी मोजत होतो. मागून हॉर्न वाजत होते.

पायथ्याशी गाडी थांबवून फेरी मारली. ब्रेक किती तापले ते बघायला, हात न टेकवता प्रत्येक हबजवळ (चाकाच्या मध्यभागाजवळ) तळहाताची मागची बाजू नेली. मागच्या डाव्या चाकाजवळ हात धरवेना, बाकीची चाके नुसती कोमट होती. मला वाटले, चूक माझीच असेल. जोडीदार वाकून वास घेत म्हणाले, "तुझी नाही, हा ब्रेक सुटतच नाहीये." मालकांना फोन मीच केला. पलीकडे सुस्कारा ऐकू आला आणि मग, "चाक उघडून घ्या. माल उद्या जाईल." उघडले तर शूची (लाइनर बसवलेल्या ब्रेकच्या भागाची) रिटर्न स्प्रिंग, म्हणजे पाय काढल्यावर शू ड्रमपासून मागे ओढणारी स्प्रिंग, तुटलेली होती. ती बदलली आहे, ड्रमही तपासला आहे. सकाळी निघू.

गॅरेजवाला

निघण्यापूर्वी उजव्या बाजूचीही स्प्रिंग बदलून घ्या. दोन्ही एकाच दिवशी बसवलेल्या असतात. आणि त्या चाकाचे नट सत्तर-ऐंशी किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.